पार्किंगमधली गुळवेल

आमच्या हडपसरच्या सोसायटीत डॉक्टर एकही नाही, पण वैद्य प्रत्येक मजल्यावर आहेत. त्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणजे कळस. पार्किंगमधल्या कडुनिंबावर गुळवेल चढली, तेव्हा त्यांना जो आनंद झाला तो नातू झाल्यावरही झाला नसेल. "निंबावरची गुळवेल म्हणजे एक नंबर!" सकाळी फिरून आले की काका कात्रीने कांड्या तोडणार आणि प्रसादासारख्या वाटणार.

आमचे हे खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. लेबल वाचल्याशिवाय खोकल्याच्या गोळीलाही हात लावायचे नाहीत. पण ही वेल फुकटची, त्यात शेजाऱ्याने दिलेली. तिला कसलं आलंय लेबल? रोज पेलाभर काढा. मी म्हटलं, "अहो, किती दिवस हे?" तर म्हणे, "प्रतिकारशक्ती काय एका दिवसात येते?"

तिच्याआधी कावीळ आली. डोळे पिवळेधमक, अन्नाचा वास नको, उठून उभं राहायचं त्राण नाही. काका बघायला आले आणि म्हणाले, "शरीरातली घाण बाहेर पडतेय. काढा वाढवा." धन्य!

मी सरळ रिक्षा बोलावली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला. "लिव्हरला चांगलाच मार बसलाय. औषधं कुठली चालू आहेत?"

"काही नाही," हे म्हणाले.

"आयुर्वेदिक, झाडपाला?"

"छे!"

माझं डोकंच फिरलं. "अहो, आणि तो गुळवेलीचा काढा?"

"ते काय औषध आहे? घरचंच आहे की!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. काही जणांच्या लिव्हरला गुळवेल सोसत नाही, म्हणाल्या. शिवाय तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीही असतात. आमची नक्की कुठली, हे काकांनाच ठाऊक.

"बरे होतील ना हो?" मी विचारलं.

"वेळेत आलात असं वाटतंय," एवढंच त्या बोलल्या. त्या 'वाटतंय'वर मी दवाखान्यातले सगळे दिवस जीव मुठीत धरून काढले.

हे घरी आले, तशी मी सुरी घेऊन खाली गेले आणि वेल बुंध्याशी कापली. काका गॅलरीतून बघत होते. लगबगीने खाली आले.

"कापा खुशाल," म्हणाले. "अमृतवेल आहे ती. वरून मुळं सोडते, परत रुजते. मरत नाही."

"ती नाही मरत हो काका. माझा नवरा मेला असता."

इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच रडले, तेही कुणाच्या तरी स्कूटरला टेकून.