ऑप्शनला टाकलेला धडा

गेल्या वर्षी सोसायटीच्या सत्यनारायणाच्या पूजेला माझा सत्कार झाला. सुनेला गणित शिकवून कॉलेजची परीक्षा पास करवली म्हणून मला शाल आणि नारळ. जी पास झाली तिला गुलाबाचं एक फूल. नारळाची चटणी झाली, शाल माझ्या कपाटात आहे. ती परत कुणाला करायची ते कळत नाही, म्हणून निदान खरं काय झालं ते लिहून ठेवतो. सून पास झाली ती माझ्यामुळे नाही. त्याआधी ती एकदा नापास झाली होती, ती मात्र माझ्यामुळे.

कांदिवलीच्या आमच्या इमारतीत मला गणितवाले काका म्हणतात. साकीनाक्याच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात हजेरीचा कारकून होतो. पावकी, दिडकीचे पाढे अजून तोंडपाठ. सतरा दिडे किती, असं कुणी जिन्यात विचारलं तर पुढची पायरी उतरायच्या आत मी साडेपंचवीस म्हणतो. लोक हसतात, मान डोलावतात. बायको होती तेव्हा तीही पाहुण्यांसमोर मुद्दाम विचारायची. मॅट्रिकला गणितात मला चांगले मार्क होते, हे खरं आहे. पण आमच्या वेळी ज्यांना बीजगणित झेपत नसे त्यांना त्याऐवजी सामान्य गणित घेता यायचं, नुसता हिशेब. मी ते घेतलं होतं. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. कुणी विचारलंच नाही, असं मी स्वतःला सांगायचो.

सून जालन्याकडची. आठवीनंतर शाळा सुटली. लग्नानंतर इथे येऊन तिने दहावी-बारावी मुक्त विद्यालयातून केली, तिथे गणित घ्यावं लागलं नाही. अंधेरीच्या एका लॅबमध्ये ती रिपोर्ट टाइप करते. तिने ज्यांना काम शिकवलं त्या मुली डिग्रीच्या जोरावर तिच्या वरच्या खुर्चीत जाऊन बसल्या. मग तिने चौकशी केली. एका कॉलेजात संध्याकाळचा कॉम्प्युटरचा डिग्री कोर्स होता. ज्यांनी गणित घेतलेलं नाही त्यांना आधी पायाभूत गणिताची एक परीक्षा द्यावी लागायची.

मुलगा एसी दुरुस्तीची कामं करतो. तो म्हणाला, "कशाला यार आता हे सगळं?" मग माझ्याकडे बघून, "बरं, बाबा आहेतच घरात. फुकटचे मास्तर."

रविवारी सकाळी, नात शेजारी खेळायला गेली की, आम्ही टेबलाशी बसायला लागलो. मी हे सांगितलं पाहिजे की सुरुवातीला मी तिला चांगलं शिकवलं. टक्केवारी, गुणोत्तर, अपूर्णांक. ती पटकन शिकायची, आणि मला बऱ्याच वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे बघून मान हलवत होतं. तिचा एक प्रश्न मात्र मला आवडायचा नाही. मी उत्तर सांगितलं की ती म्हणायची, "पण बाबा, आलं कसं?"

"दिसतं की."

"मला नाही ना दिसत. पायरी सांगा."

मग समीकरणांचा धडा आला. पहिली काही गणितं मी अंदाजाने काढली. एखादा आकडा घालून बघायचा, नाही जमला तर पुढचा. तिला वाटलं मी मनातल्या मनात सोडवतोय. मग हे गणित आलं, 5 − 2x = 11.

मी एक घालून पाहिला, तीन आले. दोन घातले, एक आला. पुढे गेलो तसं उत्तर खालीच जात होतं आणि अकरा वर राहिले होते. सून पेन्सिल धरून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"अगं, छपाईची चूक आहे," मी म्हणालो. "पाचातून काढून अकरा कसे राहतील? पाच केळ्यांतली दोन खाल्लीस तर केळी वाढतात का?"

ती हसली. "नाही ना."

"मग? हा धडा ऑप्शनला टाक. असल्या गणितांना दोन-चार मार्क असतात. टक्केवारी पक्की कर, आरामात निघशील."

धडा ऑप्शनला टाकायचा म्हणजे न वाचता सोडून द्यायचा. शाळेत आम्ही सगळेच टाकायचो. पण तो स्वतःचा टाकायचो, दुसऱ्याचा नाही.

कुकर बंद करायला ती आत गेली तेव्हा मी पुस्तकाच्या शेवटी उत्तरं बघितली. तिथे −3 छापलं होतं. ते कसं आलं ते मला कळलं नाही. छपाईची चूक नाही, एवढं कळलं. ती बाहेर यायच्या आत मी पुस्तक मिटलं आणि चहा मागितला.

पेपरात अर्ध्याच्या वर गणितं त्या धड्यावरची, नाहीतर त्याच्या आधारावरची होती. ती नापास झाली.

त्या संध्याकाळी मुलगा बूट काढता काढता म्हणाला, "लागली ना वाट? मी आधीच बोललो होतो. घरात एवढा हुशार माणूस शिकवतोय, तरी नापास! तुझ्या डोक्यात गणित जाणारच नाही गं. चपाती-भाजीचं डोकं आहे ते."

ती म्हणाली, "बाबांनी खूप शिकवलं. मलाच नाही जमलं."

मी तिथेच खुर्चीत होतो. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी." एवढंच म्हणालो. त्या वेळी चार वाक्यं बोललो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मी पेपर उघडला आणि वाचत असल्यासारखं केलं. मुलाला ते वाक्य फार आवडलं. पुढे कित्येक महिने, भाजीत मीठ जास्त पडलं तरी तो म्हणायचा, "गणित चुकलं वाटतं." मी ते दर वेळी ऐकलं.

तिने परत परीक्षा द्यायचं ठरवलं. शनिवारी लॅबमध्ये जास्त काम असतं म्हणून उशीर होईल, असं ती सांगायला लागली. रविवारी मात्र माझ्यासमोर बसायचीच. तिला केव्हाच येत असलेली टक्केवारी ती माझ्याकडून पुन्हा समजून घ्यायची.

एका शनिवारी मी वाकोल्याला एका जुन्या सहकाऱ्याला बघायला गेलो होतो. परत येताना एका शाळेवरून जायचा रस्ता होता. तळमजल्याच्या वर्गात ट्यूब लागल्या होत्या आणि लहान मुलांच्या बाकांवर बायका बसल्या होत्या. दुसऱ्या बाकावर आमची सून. मी खिडकीबाहेर रिक्षाच्या आडोशाला थांबलो.

फळ्याशी एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी लिहिलं, 5 − 2x = 11. पुस्तक तेच असणार.

"मॅडम, हे चुकलंय," कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या.

"चुकलंय कसं? पाचातून काहीतरी काढलं आणि अकरा झाले. म्हणजे काय काढलं असेल?"

मग आमच्या सुनेचा आवाज आला. "मॅडम, वजा सहा काढले असतील. मायनस काढलं की वाढतं ना? म्हणून मग x वजा तीन."

"शाब्बास! आधी कुठे शिकलीस का गं तू?"

"सासऱ्यांनी शिकवलं होतं. त्यांचं गणित एकदम झकास आहे. माझ्याच डोक्यात शिरलं नाही, म्हणून नापास झाले."

मला वाटलं होतं ती मला सांभाळून घेतेय. तसं असतं तर मला निदान तिच्यासमोर मान खाली घालता आली असती. पण तिच्या आवाजात सांभाळून घेणं नव्हतं. तिला ते खरंच वाटत होतं. जिने ते गणित आत्ता भर वर्गात सोडवलं तिला, आपल्याला गणिताचं डोकं नाही असं वाटत होतं.

त्या दिवशी घरी येऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. ती पास झाली, मग पूजा आली, आणि सेक्रेटरी माइकवर म्हणाले, "आमच्या काकांनी या वयात सुनेला घडवलं!" टाळ्या वाजल्या. सून सगळ्यात जोरात वाजवत होती. त्यांनी शाल पुढे केली आणि मी खांदे पुढे केले.

कॉलेजच्या ॲडमिशनची मुदत संपत आली होती. एका सकाळी ती डबा भरता भरता म्हणाली, "बाबा, मी दुसरा कोर्स घेतेय. आर्ट्सचा."

"का? एवढी पास झालीस ना?"

"कशीबशी झाले हो. त्या कोर्सला पहिल्या वर्षी पुन्हा गणिताचे पेपर आहेत. एकदा तोंडावर आपटलेय. माझं डोकं त्यातलं नाहीच, हे बोलतात ते काय खोटं नाही." हे म्हणजे माझा मुलगा.

मी उठून ओट्याशी गेलो. उभ्यानेच सांगितलं. सामान्य गणिताचं, छपाईच्या चुकीचं, शेवटच्या पानाचं. ती डब्याचं झाकण हातात धरून ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "ते पान मी पण बघितलं होतं, बाबा."

"मग?"

"वजा तीन लिहिलं होतं. मला वाटलं, तेसुद्धा चुकीचंच छापलंय. तुम्ही सांगितलं होतं ना."

मला खाली बघायलाही जमेना.

"माझं सोडा," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला. "यांनी मला इतके महिने काय काय ऐकवलं! तुम्ही तिथेच बसलेले असायचात. पेपर वाचत. मला सांगितलंत, आता यांनाही सांगा. माझ्यासमोर."

रात्री जेवताना सांगितलं. मुलगा आधी हसला, मग त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. "कशाला स्वतःवर घेताय? तिला वाईट वाटू नये म्हणून ना? बघितलंस गं, केवढा मोठा माणूस आहे."

मी पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "बास हो बाबा. तुम्हाला गणित येत नाही? तुम्हाला?"

सून उठली. पंख्याच्या वाऱ्याने फडफडणाऱ्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान तिने फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूला ते गणित लिहिलं आणि पेन्सिलीसकट माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

"सोडवा, बाबा."

उत्तर मला माहीत होतं. दोनदा कळलं होतं, एकदा पुस्तकाच्या शेवटी आणि एकदा खिडकीतून. वजा तीन लिहिलं असतं तर मुलाचं म्हणणं खरं ठरलं असतं, मी मोठा माणूस राहिलो असतो, आणि तिने आर्ट्सचा कोर्स घेतला असता. मी पेन्सिल हातात घेतली होती, हेही लिहितो. एक क्षण ती कागदाला टेकलीसुद्धा होती.

"उत्तर ठाऊक आहे," मी म्हणालो. "कसं येतं ते ठाऊक नाही. मला हे येत नाही. कधीच येत नव्हतं."

मुलाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याने कागद स्वतःकडे ओढला. "बघू. पाचातून... अरे, पण हे चुकलंय ना? पाचातून काढून अकरा कसे होतील?"

सुनेने त्याच्या हातातून पेन्सिल घेतली आणि एकेक पायरी लिहीत गेली. घाई केली नाही. पाच त्या बाजूला नेले, सहा राहिले, वजा दोनाने भागले. शेवटी वजा तीनभोवती गोल केला. मुलगा कागदाकडे बघत राहिला, आणि त्याची आमटी निवली.

दुसऱ्या दिवशी तिने कॉम्प्युटरच्या कोर्सलाच ॲडमिशन घेतली. त्यानंतर मुलाच्या तोंडून गणित चुकल्याचं मी ऐकलेलं नाही. तिने मला माफ केलं की नाही, ते विचारायची माझी हिंमत नाही. माझा चहा वेळेवर येतो, औषध तीच आणते. मात्र एक गोष्ट तिने मला सरळ सांगितली. नात दुसरीत आहे, तिचे पाढे मी घ्यायचो.

"बाबा, तिचं गणित आता मी बघेन. तुम्ही नका बसू."

"पाढे तरी?"

"पाढेसुद्धा नको. तिला पण 'आलं कसं' ते विचारायची सवय आहे."

रविवारी त्या दोघी टेबलाशी बसतात. मी खिडकीशी पेपर घेऊन बसतो. परवा नात काहीतरी विचारत होती. सून म्हणाली, "मला आत्ता नाही येत गं. बघून सांगते." एवढंच म्हणाली, आणि पुस्तक उघडून दोघी बघायला लागल्या.