गढीचा राखणदार पडला तेव्हा

शनिवारी सकाळी सोलापूर सोडलं तेव्हा गाडीत आम्ही तिघं होतो: लढाई बघायला उतावीळ झालेली आमची सई, तोंड पाडून गाडी चालवणारा प्रशांत आणि दोघांचे मूड सांभाळणारी मी. निघालो होतो प्रशांतच्या गावी, माढ्याजवळ. तिथे दरवर्षी जुन्या गढीची लढाई खेळतात. "मी शाळेत सगळ्यांना सांगून बसलेय," असं म्हणून लेकीने बापाला कोंडीत पकडलं, तेव्हा कुठे नवरोबा हलले. मी मात्र मनातून खूश होते.

त्याचं कारण असं. तीन वर्षांपूर्वी पुतणीच्या लग्नात साऱ्या भावकीला फेटे बांधले आणि गडबडीत सख्ख्या काकाचंच डोकं मोकळं राहिलं. प्रशांत न जेवता मांडवातून उठला. माझे थोरले दीर, आम्ही त्यांना दादा म्हणतो, तेही काही कमी नाहीत. धाकट्याने ताटावरून उठायचं आणि थोरल्याने मनधरणी करायची, हे कुठलं, असं म्हणून ते गप्प बसले. तेव्हापासून दोघं भाऊ बोलत नव्हते. सासू-सासरे आता नाहीत, मग मध्ये पडणार कोण? हा अबोला असाच मुरला तर सईचं चुलत घर कायमचं तुटणार, ही धास्ती मला झोपू देत नव्हती.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. मोहोळपर्यंत पुण्याचा हायवे झकास आहे. पुढे माढ्याकडे वळलं की उसाच्या ट्रॅक्टरमागे रांगत जायची तयारी ठेवा. दोन तास सहज लागतात. लढाईला तिकीट नाही. बाहेरून येणाऱ्यांसाठी शाळेच्या खोल्या उघडतात, अंथरूण-पांघरूण मात्र आपलं न्या, पहाटे चांगलंच गारठतं. आम्हीही शाळेतच उतरलो, दादांचं घर समोर दिसत असताना. संध्याकाळी जाऊबाईंनी गरम धपाटे आणि शेंगाचटणी पाठवली. प्रशांतने हात लावला नाही. सईने आणि मी फडशा पाडला, उगाच अन्नावर कशाला राग?

रविवारी सकाळी हलग्या कडाडल्या आणि गाव गढीपुढे जमलं. हा वेढा नक्की कोणी घातला होता, यावर गावात एकमत नाही. कोणी आदिलशाही म्हणतं, कोणी निजामशाही. नियमांवर मात्र एकमत आहे. गावात राहणाऱ्यांनी गढी राखायची. पोटापाण्यासाठी बाहेर गेलेल्यांनी चाल करून यायचं आणि दरवर्षी हरायचं. आणि ज्याच्या लाकडी तलवारीने पडलात, त्याच्याच घरी त्या दिवशी जेवायचं. त्याला नाही म्हणायची सोय नाही. त्यामुळे होतं असं, की ज्याच्या घरचं मटण नावाजलेलं, त्याच्या पुढ्यात मरायला झुंबड उडते. तिथल्या एका पैलवानाने नुसती तलवार उगारली तर पुण्याहून आलेली मंडळी पटापट आडवी झाली. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

हा नियम मला ठाऊक होता, म्हणून तर मी आशेवर होते. दादा दरवर्षी गढीच्या दरवाजात उभे असतात. प्रशांत त्यांच्यापुढे पडला की काम फत्ते. पण प्रशांतलाही नियम ठाऊक होता. तो दरवाजा सोडून पार डाव्या अंगाला गेला आणि किराणा दुकानदारावर चाल करू लागला. माझं मन खट्टू झालं.

तेवढ्यात दादांनी दरवाजा सोडला. गर्दीतून वाट काढत ते थेट प्रशांतपुढे येऊन उभे राहिले. प्रशांतने दचकून तलवार आडवी धरली, ती त्यांच्या खांद्याला जेमतेम लागली असेल, आणि साठीचा तो माणूस धोतर सावरत खाली बसला आणि धुळीत सरळ उताणा झाला. हलग्या थांबल्या. गढीचा राखणदार आजवर कधी पडला नव्हता.

"दादा, लागलं का?" तीन वर्षांनी प्रशांतच्या तोंडून फुटलेले हे पहिले शब्द.

दादांनी डोळेही उघडले नाहीत. "मेलेल्या मानसाला इचारतूस व्हय? जेवू कुटं घालतूस ते सांग."

आता आली का पंचाईत! गावात आमची वेगळी चूल नाही. म्हातारी मंडळी पारावर बसली आणि नियम तो नियम, असं ठरलं. प्रशांतचं घर सोलापूरला, तर जेवण सोलापूरलाच. दुपारी दादा आणि जाऊबाई आमच्या गाडीत बसले. दादा पुढे, प्रशांतशेजारी. मोहोळपर्यंत उसाच्या ट्रॅक्टरमागे रांगत आलो. पुढे दादा म्हणाले, ऊस यंदा बरा हाय. प्रशांत म्हणाला, हो, दिसतोय. मागे जाऊबाईंनी माझा हात घट्ट धरला.

घरी फ्रिजमध्ये अर्धा दुधीभोपळा सोडून काही नव्हतं. मी पिठलं टाकलं, जाऊबाईंनी भाकऱ्या थापल्या. दोघं भाऊ शेजारी शेजारी जेवायला बसले. नामांकित लढाया पुष्कळ असतील, मला या लढाईने माझं माणूस परत दिलं. तिथल्या लोकांचे, त्यांच्या त्या विचित्र नियमाचे आणि हट्ट धरणाऱ्या माझ्या लेकीचे उपकार मी विसरणार नाही. तुम्हीही जा, आणि घरात कोणी रुसलेलं असेल तर त्याला आवर्जून न्या.

हो, त्या दिवशी वाढता वाढता मी दादांना विचारलंच, की तुम्ही का पडलात, तुम्ही तर जिंकणारे.

दादांनी भाकरी मोडली. "ह्यो पडला असता की. माज्या घरी जेवला बी असता, नियम हाय म्हनून. पर मान खाली घालून जेवला असता. त्यापरीस मीच पडलो."

प्रशांतने त्यांच्या ताटात पिठलं वाढलं.