‘ऑल काइंड्स ऑफ’ची पाटी

त्या रस्त्यावरच्या झाडून साऱ्या पाट्या एकाच रंगाऱ्याच्या हातच्या होत्या, आणि त्यांतल्या निम्म्याअधिक पाट्यांचे मंगलाचरणही एकच होते : ‘ऑल काइंड्स ऑफ’. पुढे ज्याचा त्याचा धंदा. ऑल काइंड्स ऑफ लॉक्स, ऑल काइंड्स ऑफ टायर्स, ऑल काइंड्स ऑफ केक्स. केकवाल्याकडे वस्तुतः दोनच प्रकार असत; एकात बेदाणे घातलेले, दुसऱ्यात घालायचे राहून गेलेले. पण त्याबद्दल कुणी त्याला कधी जाब विचारला नाही. इंग्रजीतला हा प्रयोग मोठा सोयीचा आहे. आपल्या भाषेत ‘हरतऱ्हेचे’ म्हणावे, तर ऐकणारा लगेच विचारतो, “म्हणजे कोणकोणते?” तेच इंग्रजीत लिहून टांगले की विचारणाऱ्याचे तोंड आपोआप मिटते. वैविध्याची ग्वाही द्यायची आणि मोजदाद मात्र कुणी मागायची नाही, असा जणू त्या शब्दांचा आणि वाचणाऱ्यांचा आपसांतला करारच.

रंगाऱ्याची कामाची रीतही या करारावरच उभी होती. गिऱ्हाईक नसेल त्या दिवशी तो निळ्या पत्र्यांवर पिवळ्या रंगात हे तीन शब्द काढून ठेवी आणि खालची अर्धी जागा कोरी सोडी. अशा पाट्या त्याच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून, रुसलेल्या मुलांसारख्या उभ्या असत. कुणी आले की चौथा शब्द भरायचा आणि दुपारपर्यंत पाटी हाती द्यायची. “तीन शब्द माझे, चौथा तुमचा,” असे तो म्हणे.

या रंगाऱ्याकडे एके दिवशी एक शिंपी आपल्या थोरल्या बहिणीला घेऊन आला. ही बहीण म्हणजेच या हकिकतीतली बाई. ऐन उमेदीपासून ती बॅगांच्या कारखान्यात होती, आणि तिथे तिने एकच काम केले : चेन बसवणे. चेनीचा रनर कुठे अडतो, दाते कुठे झिजतात, कुठल्या चेनीला मेण लागते आणि कुठलीला नुसती फुंकर, हे तिच्या बोटांना डोळ्यांआधी कळे. कारखाना बंद पडला. लग्न केले नव्हते. आईवडील गेल्यावर ती धाकट्या भावाच्या घरी राहू लागली होती. भावाने आपल्या दुकानातली खिडकीजवळची जागा तिला देऊ केली. जागा ती केवढी? एक स्टूल, एक बुटके मेज आणि पक्कड-चिमटे ठेवायला एक फळी. पण खिडकी उत्तरेची, दिवसभर शांत, एकसारखा उजेड देणारी. उभ्या आयुष्यात जिला स्वतःची म्हणून एक खुंटीही मिळाली नव्हती, तिला ती जागा एखाद्या संस्थानासारखी वाटली.

“चौथा शब्द काय घालू?” रंगाऱ्याने ब्रश उचलला.

“चेन,” ती म्हणाली.

“छे, छे!” भाऊ म्हणाला. “नुसत्या चेनीवर कोण येणार, ताई? रिपेअर्स घाला हो. ऑल काइंड्स ऑफ रिपेअर्स.”

“अरे, पण मला येतं कुठे?”

“केकवाल्याला तरी कुठे येतं? पाटी ती पाटी. तिच्यावर हात ठेवून कोण शपथ घेतंय?”

पाटी लागली, आणि अनर्थ असा झाला की लोकांनी ती वाचली. पहिल्याच आठवड्यात छत्री आली. मग बाहुलीचा निखळलेला हात, दांडी मोडलेला चष्मा, चाक लंगडणारी बाबागाडी. तिने सगळ्यांना हात जोडून परत पाठवले. बाबागाडीवाली ठसक्यात म्हणाली, “मावशी, पाटीवर सगळं आणि हातात शून्य! खाली ‘कृपया आत येऊ नये’ असंही लिहून घ्या.” दुकानातली गिऱ्हाइके हसली. भावजय आत गुंड्या लावत होती. तिथूनच तिने सूर मिळवला, “वन्सं, दारात आलेल्यांना नमस्कार करायला बसवलंय का तुम्हाला? देवळातसुद्धा पुजारी अंगारा तरी देतो.”

भाऊ तसा मनाचा वाईट नव्हता. पण धंदा करणाऱ्याला दारातून परत फिरणारे पाऊल बोचते. तो म्हणाला, “ताई, रागावू नकोस. लोक मलाही गावभर नावं ठेवतायत. पुढे कामाची गर्दी सुरू होईल, तेव्हा मला दुसरं मशीन घ्यायचंच आहे. तोवर बघू. नाही जमलं तर मशीन खिडकीपाशी बसवू. तू आत हिच्याजवळ बसून गुंड्यांची काजं कर.”

आतल्या खोलीला खिडकी नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाटी उतरवून ती एकटीच रंगाऱ्याकडे गेली. “हे शब्द पुसून द्या,” ती म्हणाली. “मला पेलत नाहीत. आलेली छत्रीसुद्धा परत पाठवली.”

रंगाऱ्याने हातातला ब्रश खाली ठेवला. “बाई, हे शब्द काढता काढता माझे केस पिकले,” तो म्हणाला. “शब्द लहान झाले, रंग उडाला, शेजाऱ्यापेक्षा बारीक आले, सगळ्या तक्रारी ऐकल्या. पण ते खोटे आहेत म्हणून परत करायला आजवर कुणी आलं नाही. स्वतःची पाटी स्वतः वाचणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

“म्हणजे पुसणार ना?”

“पुसतो की. रॉकेल आणि चिंधी, दोन्ही तयार आहेत. पण मला एक सांगा. त्या छत्रीला झालं काय होतं?”

“एक काडी निसटली होती.”

“मग कुणाला विचारलंत का, ती कशी बसवतात म्हणून?”

विचारणे हा उपाय तिला सुचलाच नव्हता. कारखान्यात प्रत्येकाचे टेबल वेगळे. दुसऱ्याच्या टेबलाकडे बघणे म्हणजे चहाडीला निमंत्रण. सारी हयात तिने आपल्या हातांपलीकडे पाहिले नव्हते. पाटी तशीच घेऊन ती परतली.

त्या दिवसापासून तिने एक शिरस्ता घातला. वस्तू कुठलीही येवो, ती ठेवून घ्यायची आणि म्हणायचे, “उत्तर उद्या देते.” मग दुपारी भाऊ जेवायला गेला की वस्तू उचलून ज्ञात्याच्या दारी जायचे. चष्मा घेऊन घड्याळजीकडे, बाबागाडी घेऊन सायकलवाल्याकडे, पट्टा तुटलेले दप्तर घेऊन जोडे शिवणाऱ्या म्हाताऱ्याकडे. “करून देऊ नका, दाखवा,” एवढीच तिची मागणी असे.

घड्याळजी प्रथम बिचकला. “म्हणजे माझ्याच विहिरीतून पाणी काढून माझ्याच दारात विकणार?”

“चष्म्याची दांडी तुम्ही करता कुठे? ‘घड्याळ असेल तर बोला’ म्हणता. मीच ऐकलंय.”

“ते मात्र खरं,” तो हसला. “बसा. पण चहा तुमच्याकडून.”

जोडेवाला म्हातारा तर बोलेचना. त्याने आरी तिच्या हातात दिली, चामड्याचा एक तुकडा पुढे टाकला आणि स्वतः बिडी ओढत बसला. टाका चुकला की नुसता खाकरे. तीन-चारदा खाकरल्यावर एकदाचा म्हणाला, “हात बरा आहे. मान मात्र ताठ. काम खाली असतं, बाई, वर नाही.” त्या एका वाक्याची किंमत तिला पुढे अनेक वर्षे कळत राहिली.

फेड म्हणून तिने त्या साऱ्यांच्या चेनी नीट केल्या. कुणाचे जाकीट, कुणाची हत्यारांची पिशवी, म्हाताऱ्याच्या नातीचा कंपास. आणि घड्याळ घेऊन कुणी तिच्याकडे आले, तर ते ती न उघडता घड्याळजीकडे धाडी. आपल्या पूर्वसूरींनी विद्येला गुरुमुखातून यायला सांगितले. या बाईला ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या मुखांतून आली, आणि प्रत्येक मुखाला नमस्कार करायला ती विसरली नाही.

सगळेच साधले असे नाही. एक निवृत्त मास्तर थर्मास घेऊन आले. आतली काच फुटली होती. हलवला की खुळखुळ्यासारखा वाजे. काचवाला, भांडीवाला, दवाखान्यातला सामान सांभाळणारा, असा सगळीकडे तो थर्मास फिरून आला. तशी काच आता मिळत नाही, हे सगळ्यांचे एकमुखी उत्तर. तिने तो पुसून मास्तरांपुढे ठेवला. “माझ्याच्यानं होणार नाही.”

मास्तर चिडले. “मग इतके दिवस ठेवून कशाला घेतलात? पहिल्याच दिवशी नाही म्हणायला काय झालं होतं?”

“पहिल्या दिवशीचं ‘नाही’ माझ्या एकटीचं झालं असतं,” ती म्हणाली. “आता सगळ्यांना विचारून म्हणतेय.”

मास्तरांनी थर्मास काखेत मारला आणि दारापर्यंत जाऊन ते परत वळले. “ही पँट जरा सैल होते,” ते तिच्या भावाला म्हणाले. “माप घ्या. आलोच आहे तर.”

असे पुष्कळदा होऊ लागले होते. छत्री घ्यायला आलेला सदऱ्याचे माप देऊन जाई. भाऊ नुसते माप वहीत टिपून घेई. भावजय मात्र एकदा गुंडी लावता लावता म्हणाली, “वन्सं, परवा त्या बाबागाडीवालीनं ब्लाउज टाकला बरं का शिवायला. तोंड तेवढंच तिखट आहे, पण कापड चांगलं आणते.” तिच्याकडून एवढी शाबासकी म्हणजे शालजोडीच.

कामाची गर्दी सुरू झाली आणि ठरल्याप्रमाणे मशीन आले. हातगाडीवाल्याने ते दारात उतरवले. ती चेनीला मेण लावत होती. तिने हात थांबवला, चिमटे उचलले आणि एका कापडात गुंडाळू लागली. मुदत सांगितलेली होती, ती संपली होती. तक्रारीला जागा नव्हती.

“काय करतेस?” भावाने विचारले.

“जागा मोकळी करतेय.”

“थांब जरा.” तो हातगाडीवाल्याकडे वळला. “हात लाव इथं.”

त्याने आपल्या कापड कापायच्या मोठ्या टेबलाचे एक टोक धरले, दुसरे हातगाडीवाल्याने. टेबल आजवर दारासमोर आडवे असे. ते उभे फिरवून आतल्या भिंतीला टेकवले, आणि मधे जी जागा निघाली तिच्यात नवे मशीन बसले. खिडकीजवळचे स्टूल होते तिथेच राहिले. भाऊ टेबलापाशी जाऊन उभा राहिला. तिथे दिवसाचा उजेड पोहोचत नव्हता. त्याने वरचा दिवा लावला आणि खडूने कापडावर रेघ ओढली.

“तुला दिसतं का तिथं?” तिने विचारले.

तो वर न बघता म्हणाला, “रेघ तर दिसतेय.”

आतून भावजय म्हणाली, “त्यांची काळजी नका करू, वन्सं. कापड डोळे मिटून कापतो म्हणून लग्नाआधी माझ्या बाबांना सांगितलं होतं त्यांनी. बघू या तरी आता!”

भाऊ हसला. ती हसली नाही. तिला हसू आणि दुसरे काही एकदमच आले होते. तिने कापडात गुंडाळलेले चिमटे पुन्हा फळीवर मांडले. मग उठून खिडकीचे दुसरे दार, जे ती मेण मऊ करायची मेणबत्ती वाऱ्याने विझते म्हणून कायम लावून घेत असे, तेही पूर्ण उघडले, आणि आपले स्टूल भिंतीकडे सरकवले. उजेडाची एक पट्टी जमिनीवरून, नव्या मशीनच्या पायांमधून, थेट कापायच्या टेबलाच्या कडेपर्यंत गेली. भावाने कापड त्या कडेला ओढून घेतले आणि कात्री लावली.