चिंचेने घासलेलं नाणं

चिंच भिजत घातली की त्या आंबट वासाने मला परदेशात, श्रूजबरीत राहत असतानाचे आमचे शेजारी आजोबा आठवतात. ते मूळचे कॅनडाचे. दर कॅनडा डेला, म्हणजे तिकडच्या राष्ट्रीय दिनी, ते आपल्या वडिलांनी जमवलेली तिकडची जुनी नाणी टेबलावर मांडून आम्हाला बोलवायचे. एका वर्षी माझी आई आमच्याकडे राहायला आली होती. मेपलच्या पानांचं चित्र असलेली, काळवंडलेली तांब्याची नाणी बघून तिला राहवेना. आमच्या गप्पा चालल्या असताना तिने घरून चिंचेचा कोळ आणला आणि एक नाणं पूजेच्या तांब्यासारखं लख्ख घासून ठेवलं. जुनं नाणं घासलं की त्याची किंमत जाते, हे आजोबांनीच मला सांगितलं होतं. "भाऊ, किती काळं पडलं होतं हो," आई आजोबांना मराठीतच म्हणाली. आजोबांनी नाणं उचलून उजेडात धरलं. मग म्हणाले, "माझ्या वडिलांना हे असंच लख्ख मिळालं असेल," आणि ते त्यांनी आईच्याच हातावर ठेवलं. आता दोघंही नाहीत. नाणं माझ्या देव्हाऱ्यात पुन्हा काळं पडत चाललंय. मुलगी म्हणते, "क्लीन कर ना." मी चिंच भिजवते आणि आमटीतच घालते. नाण्यावरच्या पानाच्या टोकाशी अजून थोडी लकाकी आहे, ती आईच्या हातची आहे.