हत्ती, नागीण आणि उरलेला वार

माझ्या धाकट्या भावाला सांध्यांचा ताप आला तेव्हा तो सहावीत होता. आधी गुडघे सुजले, मग मनगटं. ताप उतरला, सूज गेली, पण धाप राहिली. मेहकरच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि बाबांना बाहेर नेऊन सांगितलं, हृदयाची झडप खराब झाली आहे. पळू देऊ नका, ओझं उचलू देऊ नका, शाळाही नको. महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. बाबा डोणगावच्या शाळेत मास्तर होते. ते गावच्या पोरांना शिकवायला जायचे आणि त्यांचा स्वतःचा मुलगा पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर पडून राहायचा.

मी त्याच्याहून मोठी, तो मला बाई म्हणायचा. सातवीनंतर घरीच होते. भाकरी-धुणं आटोपलं की आम्ही पत्ते खेळायचो. झब्बू खेळून खेळून त्या पत्त्यांच्या कडा मऊ पडल्या. एक दिवस त्याने हातातले पत्ते खाली टाकले.

"बाई, याच्यात कोणी कोणाशी लढतच नाई. निस्तं लहान अन् मोठं."

मग त्याने स्वतःचे पत्ते करायला घेतले. शेजारी कापडाचं दुकान होतं. ताग्यातून निघालेले पुठ्ठे त्या दुकानदाराचा मोठा मुलगा आम्हाला आणून द्यायचा. भाऊ ते आईच्या कात्रीने कापायचा आणि त्यावर शाईने राक्षस, वेताळ, भालदार, नागीण, हत्ती काढायचा. प्रत्येक पत्त्यावर दोन आकडे असत. डावीकडे वार, उजवीकडे दम. दोघा खेळणाऱ्यांचा एकेक गड. त्यालाही दम असे, पण तो पुन्हा भरत नसे; संपला की गड पडला. एकाने गडावर पत्ता सोडला की दुसऱ्याने वाटेत आपला पत्ता आडवा घालायचा. दोघांचे वार एकदमच बसत. ज्याच्या दमाएवढा किंवा जास्त वार बसला, तो मेला. कधी दोघंही मरत. जो वाचला त्याची जखम डाव संपताच भरून निघे आणि पुढच्या डावात तो धडधाकट उभा राही. हा नियम त्याने कधीच बदलू दिला नाही.

पण त्याचं खरं डोकं चालायचं ते वेगळ्या पत्त्यांमध्ये. भालदाराचा भाला लांब, म्हणून त्याचा वार आधी बसे. समोरचा त्यातच मेला, तर उलटा वार करायला तो उरतच नसे. नागिणीचा वार एकच, पण विषाचा. ज्याला लागला तो मरणारच, त्याचा दम कितीही असो. आणि हत्ती तुडवत जाई. आडव्या आलेल्याला मारून जो वार उरेल तो थेट गडावर.

"मंग भालदार अन् नागीण समोरासमोर आले तर?" मी विचारायची.

"भाला आधी लागते. नागीण मेली. मेल्यावर ते कशी चावीन?"

असं सांगताना त्याचे डोळे इतके जिवंत दिसायचे, की मी मुद्दाम नवनवीन कोडी काढायची.

हळूहळू गल्लीतली पोरं येऊ लागली. शाळा सुटली की आमची पुढची खोली भरून जायची. आई सगळ्यांना भुईमुगाच्या शेंगा द्यायची. भाऊ उशीला टेकून बसायचा आणि कुठे अडलं की सगळे त्याच्याकडे बघायचे. त्या दिवसांत आईच्या तोंडून एकदा निघूनही गेलं, "आता बरा होते वाटते हा."

भांडण झालं ते हत्तीवरून. भावाने एक नवा पत्ता केला होता, विषाचं पाणी. तो ज्याच्यावर टाकावा त्याचा वार त्या डावापुरता विषारी होई. दुकानदाराच्या मुलाशी खेळताना त्याने ते पाणी हत्तीवर टाकलं. हत्तीचा वार सहा. त्या मुलाने पाच दमाचा राक्षस आडवा घातला. त्याच्या गडाचा दम तेव्हा चारच उरला होता.

"राक्षस मेला," भाऊ म्हणाला, "अन् गडावर पाच. तुहा गड पडला."

"पाच काऊन? राक्षसाचा दमच पाच हाये. पाच त्याच्यावर गेले, उरला एक."

"विष हाये ना. राक्षस मरायले एकच पुरते. बाकीचे पाच मी त्याच्यावर काऊन वाया घालवू?"

"कुठं लिहून हाये असं?"

"लिहून नाई. पण दोन्ही नियम जोडले का तसंच होते."

"तुहाच खेळ, तूच नियम जोडतं, अन् तूच जिंकतं!" तो मुलगा उठला. दारात थांबून म्हणाला, "अन् जखम म्हणे डाव संपला का भरते! खरोखर भरली असती तर तू असा खाटेवर पडून राह्यला असता का बे?"

कुणी हसलं नाही. एकेक जण उठून गेला.

दुसऱ्या दिवशी दोन पोरं आली, नंतर कुणीच नाही. पुठ्ठेही बंद झाले. काही दिवसांनी मारुतीच्या पारावरून आवाज येऊ लागले, "हत्ती! हत्ती टाकला!" त्यांनी स्वतःचे पत्ते केले होते. नियम एकच ठेवला होता, ज्याचा आकडा मोठा तो जिंकला. भाऊ खिडकीतून ऐकत राहायचा. मी खिडकी लावायला गेले तर म्हणाला, "राहू दे. विष काढून टाकलं त्याइनं. भालाही काढला. मंग उरलं काय त्याच्यात?"

बाबा कमी बोलणारे. एका संध्याकाळी त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली, खाटेपाशी बसले आणि म्हणाले, "मले शिकव."

भावाने त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. एकदा दोन वेताळ भिडले, दोन्ही मेले. बाबा बघतच राहिले.

"दोघंही गेले? मंग जिंकलं कोण?"

"कोणीच नाई, बाबा. गड वाचला, बस."

बाबा रोज बसू लागले. भाऊ सुरुवातीला खुलला. मग एक दिवस बाबांनी आपला राक्षस सरळ त्याच्या उभ्या नागिणीपुढे सोडला. भावाने नागीण आडवी घातलीच नाही. हातातले पत्ते गोळा केले.

"तुम्ही मुद्दाम हरून राह्यले."

"नाही रे."

"चार दिवसांपासून. मी पाहून राह्यलो."

बाबा उठून अंगणात गेले आणि कडुनिंबाखाली पाठ करून उभे राहिले. आईने चहा नेऊन दिला, तो तसाच निवला. त्यानंतर ते दोघं कधी खेळले नाहीत.

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. बीबी गावचं घर चांगलं होतं, नाही म्हणायला कारण नव्हतं. निघताना मी भावाजवळ गेले. त्याच्या पायांवर सूज आली होती. तो म्हणाला, "जाय बाई. मी दोन्हीकडून खेळतो." त्याला दोन्हीकडून खेळणं आवडत नाही हे मला माहीत होतं. समोरच्याच्या हातात काय आहे ते आपल्यालाच ठाऊक असतं, असं तो म्हणायचा.

थंडी पडायला लागली आणि निरोप आला. एस.टी. मिळून मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. खाटेवरची गादी बाहेर उन्हात टाकली होती. दुकानदाराचा मुलगा आमच्या ओट्यावर बसला होता. मला बघून उभा राहिला आणि निघून गेला. मला त्याचा राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. काहीच आलं नाही.

त्याचा तेरावा झाल्यावर आईने पत्ते बाहेर काढले. "मले शिकवून दे. दुपारी तो ते समोर मांडून बसायचा. मी मांडून ठेवत जाईन."

आईला आकडे येत नव्हते. मी पत्त्यांच्या मागे काजळाचे ठिपके काढले. ती भालदार आणि नागीण समोरासमोर ठेवायची आणि विचारायची, "आता याच्यातलं कोन गेलं?" मी सांगायची. उद्या पुन्हा तेच विचारायची. विष तिला कळेना. पाच ठिपक्यांचा राक्षस एका चाव्याने मरतो हे तिला पटेना. "एवढा मोठा हाये तो," म्हणायची, आणि त्याला पुन्हा उभा करून ठेवायची. मी रोज तिला चुकलीस म्हणायची आणि राक्षस उचलून बाजूला ठेवायची.

मग मला बीबीला परत जावं लागलं. पुढच्या खेपेला गेले तेव्हा खाट माजघरात हलवली होती आणि तिच्यावर ज्वारीची पोती होती. पत्ते कुठे आहेत ते मी विचारलं नाही. आईनेही विषय काढला नाही. बाबा पुढच्या खोलीत वह्या तपासत बसले होते. पारावर पोरं विटीदांडू खेळत होती. ते पत्ते त्यांनीही केव्हाच टाकून दिले होते.