आईनं दिलेली तक्रार
लसणाच्या फोडणीचा वास आला की मुलींच्या वसतिगृहाचं ते स्वयंपाकघर आठवतं. आई तिथं स्वयंपाक करायची. एकदा ताट घ्यायला वाकलेल्या लहानग्या मुलीच्या पाठीवर तिला छडीचे वळ दिसले. तिनं विचारलं तर वसतिगृहाचे अधीक्षक म्हणाले, “पडली असेल. तुम्ही भाकरीचं बघा.” “पडून असे वळ उठत न्हाईत, साहेब,” म्हणत आईनं गॅस बंद केला. मला घेऊन ती एसटीनं धाराशिवला गेली आणि बालकल्याण समितीपुढं सगळं सांगून आली. परतताना मी भीत भीत विचारलं, “आता तुझं काम जाईल?” ती म्हणाली, “भाकरी कुठंबी थापता येती.” चौकशीत मारहाण खरी निघाली, अधीक्षकांना काढलं, पुढं आईचं कामही गेलं. तुझी आई काय करायची, असं कुणी विचारलं की मी आजही आधी हेच सांगते.