मुका दगड आणि आमच्या आई

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर एकच सल्ला देत आले — रात्री जरा कमी जेवत जा! अमरावतीला बॉटनी घेऊन बीएस्सी केलं, लग्न होऊन अकोल्यात आले आणि गेली वीस वर्षं रोपं विकतेय. माझा विश्वास माती, पाणी आणि शेणखतावर. तरी हे लिहितेय, कारण गेल्या वैशाखात जे घडलं ते मला अजून कुणी समजावून सांगू शकलेलं नाही… आणि खरं सांगू? मला त्याची घाईही नाही.

आमचं घर जठारपेठेत, नर्सरी पातूर रोडला. दोन वर्षांपासून बागेसाठी दगडी वस्तूही ठेवायला लागलो. हिवाळ्यात लोक दगडी दिवे नेतात, उन्हाळ्यात पाखरांच्या पाण्यासाठी कुंड्या, आणि पावसाळ्यात शेवाळ चढलेलं कासव दिसलं की कुणीतरी त्याच्यापाशी थबकतंच. हे सगळं पातूरकडचे नारायणकाका छन्नी-हातोड्यानं घडवतात. मशीनला हात लावत नाहीत.

त्यांच्याकडूनच वेलबुट्टी कोरलेली एक लांब काळी शिळा आली. टेम्पोतून उतरवली, तर तिच्या पाठीवर खडूनं ठळक लिहिलेलं — "मुका". हमाल खो खो हसायला लागले. माझे यजमान विलास लाजून लाल.

"म्हाताऱ्याले या वयात काय सुचून राह्यलं! गिऱ्हाईक काय म्हनन?" असं म्हणत त्यांनी ओल्या फडक्यानं अक्षरं पुसून टाकली. मीही हसलेच. मग ती शिळा दोन खांबांवर आडवी चढवून आम्ही नर्सरीच्या दारात कमान केली, वर मधुमालती सोडली.

त्या कमानीच्या सावलीत आई, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज सकाळी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मोगऱ्याचे गजरे करायच्या. वय अठ्ठ्याहत्तर, पण बोटं अशी चालतात की बघत राहावं. कान मात्र बारा वर्षांपूर्वीच पार गेले. खाणाखुणांवर आणि आमच्या ओठांवर त्यांचं काम चालतं. कानाचं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून त्या घालत नाहीत. त्या दिवशीही ते घरी कपाटात होतं. (मी नंतर जाऊन बघितलं.)

सकाळचे अकरा वाजत आले होते. ऊन मी म्हणत होतं. मधुमालती मलूल दिसली म्हणून मी नुकतंच पाइपनं कमानीवर गार पाणी मारलं होतं. विलास रोपं पोचवायला दर्यापूरला गेलेले, मी शेडमध्ये कुंड्या भरत होते. तेवढ्यात आई तरातरा आल्या. मांडीवरचा मोगरा सगळा वाटेवर सांडलेला.

"काहून वं मीना, कोन ठोकून राह्यलं तिकडं? तीनदा आयकलं मी. डोकं उठवलं बाप्पा!"

मी सवयीनं मान हलवली, कुणी नाही म्हणून. आणि मग डोक्यात प्रकाश पडला, की ह्या काय म्हणाल्या! आयकलं? मी त्यांचा हात धरला, तोच त्यांच्यामागे धाडकन आवाज झाला. शिळा मधोमध दुभंगून खाली आली होती. खुर्चीचा चुराडा.

एवढ्या मोठ्या आवाजाला आईंनी मागं वळूनही बघितलं नाही. तो त्यांना ऐकूच आला नव्हता.

मी त्यांना मिठी मारून रडायला लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, "काय झालं वं तुले?"

संध्याकाळी नारायणकाका आले. मी पाणी मारल्याचं सांगितलं, तसे ते तुकडे उलटून आतली चीर बघू लागले.

"ताई, मी तं लिवून देलं होतं! चांगला दगड ठोकला का बोलते. हा बोलत नव्हता, आतून चिरेल होता. म्हनून मुका लिवलं, का हा खाली पायरीले लावा, वर चढवू नका. अन् तुमी तापल्या दगडावर गार पानी मारलं… तुमाले काय वाटलं होतं?"

काय वाटलं होतं ते मी कोणत्या तोंडानं सांगणार? विलास कुंड्यांकडे बघत राहिले.

दगड का फुटला ते कळलं. पण ठोकलं कुणी? मागे पाणी देणाऱ्या दोघी बायकांनी काही ऐकलं नाही, मीही नाही — आणि माझे कान असे की शेजारणीची कुजबुजही सुटत नाही. दारातल्या कॅमेऱ्यात चित्र येतं, आवाज येत नाही. त्यात दिसतं: आई गजरा करताहेत. मान वर करतात. पुन्हा करतात. तिसऱ्यांदा वर शिळेकडे बघतात आणि पुटपुटत उठतात. आजूबाजूला चिटपाखरू नाही.

भाची इंजिनीअर आहे, ती म्हणते तडा जाताना हादरा जमिनीतून पायाला जाणवला असेल. असेलही. पण आई पायाचं काही बोलल्या नाहीत. कानांच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, कान होते तसेच. नारायणकाकांना "तीनदा" सांगितलं तेव्हा त्यांनी तुकड्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "आमी दगड पारखाले तीनदाच ठोकतो. पन मी तवा येष्टीत होतो, ताई."

आभार कुणाचे मानायचे ते ठरत नाही, म्हणून सगळ्यांचेच मानते. शिळेचे दोन्ही तुकडे आता दारात पायरी म्हणून बसवलेत. मी त्यांच्यावर पाय देत नाही, ओलांडून जाते. गिऱ्हाईक हसतं. हसू दे.

आईंना मात्र जीव वाचल्याचं फारसं काही नाही. "मरनं तं हायेच," म्हणतात. त्यांचं अप्रूप वेगळंच आहे. बारा वर्षांनी एक आवाज त्यांच्यापर्यंत पोचला होता! सकाळी गजरा करता करता त्या मधेच थांबतात, मान जरा तिरपी करतात. काल माझा पदर धरून विचारलं,

"मीना, तो पुन्हा कवा ठोकन वं?"

मी हसून मान डोलावली, ठोकेल म्हणून. आणि आत शेडमध्ये जाऊन हात जोडले… देवा, आता कधीच नको.